आमची एकशेचाळीस अक्षरं

आम्ही चौघं आता चार ठिकाणी आहोत, पण वर्षातून एकदा जयश्रीताईंकडे जेवायला जमतो. ताई दरवेळी आधीच बजावतात, की यंदा जुनं काही काढायचं नाही, मुलाबाळांचं बोलू. पहिली पोळी होईपर्यंत आम्ही ते पाळतो. मग कुणीतरी नुसतं ‘एकशेचाळीस’ म्हणतं आणि ताईंचे मिस्टर मुकाट्याने आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसतात. त्यांना सगळे किस्से पाठ आहेत.

असे किस्से कुणी साठवायला म्हणून बसत नाही. आपलं काम चाललेलं असतं, रोज काहीतरी फजिती होत असते, आणि दोन-तीन वर्षांनी मागे वळून बघावं तर हा एवढा ढीग! त्यातले थोडे सांगते.

गोष्ट २००९च्या आसपासची. नाशिकच्या इंदिरानगरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची माती, पाणी आणि पानं तपासायची लॅब होती. (खालचे पेशंट कधी कधी चुकून वर येत आणि जयश्रीताईंच्या टेबलावर बाटली ठेवून जात, पण तो विषय वेगळा.) मालक बोराडे सर. शेतीत एम. एस्सी. केलेले, बोलायला लागले की थांबायचे नाहीत, पण माणूस सोन्यासारखा. जयश्रीताई केमिस्ट. गांगुर्डेकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर होऊन आमच्याकडे ऑफिस सांभाळायला आलेले. आणि मी, वैशाली. रिपोर्ट टाइप करायचे, फोन घ्यायचे आणि कॉम्प्युटर बंद पडला की चालू करायचा, ही माझी कामं.

* * *

एकदा सर पुण्याला कुठल्याशा सेमिनारला गेले आणि भारावून परत आले. सकाळी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की सोमवारपासून आपली लॅब मायक्रोब्लॉगिंग सुरू करणार. एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले आणि फोनवर बोलत बसले.

आमच्याकडे तेव्हा ‘मायक्रो’ म्हटलं की एकच अर्थ होता. जस्त, लोह, बोरॉन वगैरे सूक्ष्म अन्नद्रव्यं. जयश्रीताई तर दिवसभर त्याच तपासण्या करायच्या. त्यांनी शांतपणे तपासण्यांच्या यादीत शेवटी एक नवी ओळ वाढवली. अर्ध्या तासाने सर बाहेर आले, तेव्हा ताई वही-पेन घेऊन तयार उभ्या होत्या. द्राक्षाच्या तपासणीला कधी पान लागतं, कधी पानाचा देठ, हे त्यांना आधी ठरवून हवं असायचं.

‘सर,’ ताईंनी विचारलं, ‘ह्या ब्लॉगिंगला पान घ्यायचं की देठ?’

* * *

प्रकार साधाच होता. एका साइटवर आपला गट उघडायचा. शेतकऱ्याने एकदा मोबाइलवरून मेसेज करून नाव नोंदवलं, की आपण जे लिहू ते फुकटात त्याच्या फोनवर जायचं. अट एकच. मजकूर एकशेचाळीस अक्षरांच्या आत. शिवाय तेव्हाच्या साध्या फोनवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून मराठी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे.

पहिला मेसेज सरांनी स्वतः सांगितला आणि मी टाइप केला. सर येरझाऱ्या घालत बोलत होते. सर्व शेतकरी बंधू-भगिनींना सविनय नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेतर्फे आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आमच्याकडे एक नवीन... इथे एकशेचाळीस भरली. मी सरांना सांगायला मान वर केली आणि त्याच वेळी माझं बोट एंटरवर पडलं. मेसेज गेला.

सर म्हणाले, हरकत नाही, उरलेलं दुसऱ्यात टाकू. पण त्या दिवशी लाइट गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायखेड्याहून निवृत्तीभाऊंचा फोन आला. निवृत्तीभाऊ आमचे जुने गिऱ्हाईक, टोमॅटो आणि द्राक्षवाले. फोन मी घेतला, पण त्यांना सरांशीच बोलायचं होतं. मी स्पीकर लावला.

‘सर, अभिनंदन,’ निवृत्तीभाऊ म्हणाले. ‘पोरगा का पोरगी?’

सरांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं.

* * *

पहिले पंधरा दिवस सर रोज एक निबंध लिहून आणायचे आणि मी त्यातलं काय ठेवू, काय कापू, म्हणून रडकुंडीला यायचे. एके दिवशी दोन पानं होती. पाऊस पडून गेलाय, जमिनीत पाणी साचलंय, मुळांना हवा मिळत नाही, मग मुळं श्वास कसा घेतात, परदेशात त्यावर काय संशोधन झालंय, असं सगळं. गांगुर्डेकाका शेजारी बसून चहा पीत होते. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली, आणि खाली पेन्सिलने लिहिलं, ‘जमीन ओली आहे. वाफसा येईपर्यंत पाणी देऊ नका.’

काकांनी वीज केंद्रातल्या कंट्रोल रूमचं लॉगबुक तीस वर्षं लिहिलं होतं. तिथे काय झालं, किती वाजता झालं, आता काय स्थिती आहे, एवढंच लिहायचं. आपल्याला काय वाटलं ते लिहायला त्या वहीत रकानाच नसायचा.

सर बाहेर आले. स्क्रीनवर काकांची ओळ होती. सरांनी विचारलं, की माझं बाकीचं कुठे गेलं?

‘बाकीचं त्यांना माहीत हे, सर,’ काका म्हणाले. ‘आज काय करायचं, तेवढंच ते विचारतात.’

त्या दिवशी सरांनी जेवणाचा डबा केबिनमध्येच खाल्ला. आम्हाला वाटलं, काकांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, सरळ काकांच्या टेबलापाशी गेले, हातातला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, की हे जरा बघा. नंतर तीन वर्षं तो कागद रोज आधी काकांच्या टेबलावर जायचा.

* * *

मेसेज आवडायला लागले, तशी नावं वाढावीत म्हणून सर गावोगाव मीटिंगा घ्यायला लागले. सायखेड्याला मंदिराच्या सभामंडपात मीटिंग होती. सेमिनारमध्ये ऐकलेले शब्द सरांच्या तोंडात ताजे होते. शेवटी त्यांनी हात जोडून विनंती केली, की सगळ्यांनी आजपासून आम्हाला फॉलो करा. टाळ्या झाल्या, चहा झाला आणि आम्ही जीपमध्ये बसून निघालो.

नाशिक रोड ओलांडल्यावर काका म्हणाले, की मागे तीन मोटरसायकली बऱ्याच वेळापासून आहेत. सरांनी आरशात बघितलं आणि वेग कमी केला. मोटरसायकलींनीही कमी केला. वाढवला, त्यांनीही वाढवला. सर जरा घाबरलेच. इंदिरानगरात लॅबखाली जीप थांबली, तर तिन्ही गाड्या शेजारी ओळीने लागल्या. सहा जण उतरले. सगळ्यात म्हातारे होते त्यांनी टोपी झटकली.

‘आलो सर,’ ते म्हणाले. ‘आता काय करायचं?’

पंचवीस किलोमीटर फॉलो करून आलेली माणसं. सरांनी त्यांना वर नेलं, सगळी लॅब फिरवून दाखवली, समोरच्या हॉटेलातून मिसळ मागवली आणि मी एकेकाचा फोन घेऊन नाव नोंदवून दिलं. त्या सहा जणांनी पुढे आपापल्या भावकीत एवढी नावं नोंदवली, की सर म्हणायचे, मीटिंगपेक्षा जीप बरी.

* * *

हा अगदी छोटा आहे. एकलहऱ्याच्या बाजूला कमलबाई म्हणून होत्या. झेंडू, शेवंती लावायच्या आणि पहाटे फुलबाजारात स्वतः विकायला बसायच्या. द्राक्षाशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण गटात त्यांचंही नाव होतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ढगाळ हवा झाली आणि आम्ही मेसेज टाकला, ‘केवडा येण्याची शक्यता. सावध राहा.’

दहा मिनिटांत कमलबाईंचा फोन. केवडा किती येणार, कुठून येणार आणि कुणाकडे उतरणार, हे त्यांना आत्ताच्या आत्ता हवं होतं. हरतालिकेला गिऱ्हाईक केवडा मागतं आणि बाजारात एक पान नव्हतं. मी त्यांना समजावलं, की हा केवडा म्हणजे वेलींच्या पानांवर पडणारा रोग आहे. पानं पिवळी पडतात, बागच्या बाग जाते.

त्या म्हणाल्या, ‘एवढ्या वाईट रोगाला असं वासाचं नाव कोणी ठिवलं, बाई?’

* * *

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही, पण आमच्यातल्या कुणालाही ते सोडून पुढे जाता येत नाही.

द्राक्षं फुलोऱ्यात यायच्या आधी बोरॉनची फवारणी करतात. लिटरला एक ग्रॅम. सरांनी कागदावर नेमकेपणाने १.० लिहिलं होतं. मी टाइप केलं आणि मधला ठिपका पडायचा राहिला. मेसेज गेला, लिटरला दहा ग्रॅम.

ते लक्षात आलं जयश्रीताईंच्या. मेसेज त्यांच्याही फोनवर यायचा. त्या आतून धावत आल्या आणि नुसता फोन माझ्यापुढे धरला. दहा ग्रॅम म्हणजे पानं आणि कोवळे घड करपणार, वर्षाचं पीक जाणार. गेलेला मेसेज परत घेता येत नव्हता. दुरुस्तीचा मेसेज लगेच टाकला, पण पहिला वाचून फोन घरी ठेवून जे बागेत गेले असतील, त्यांचं काय?

सरांना सांगायला मी केबिनमध्ये गेले. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी घड्याळात बघितलं. साडेअकरा झाले होते. लोक फवारणी ऊन उतरल्यावर करतात, म्हणजे आपल्याकडे चार तास आहेत, असं म्हणून त्यांनी नोंदणीचं रजिस्टर काढलं, त्याची शिवण उसवली आणि पानं चौघांत वाटली.

आम्ही नुसते फोन करत सुटलो. द्राक्षवाले असतील तेवढे सगळे. खालच्या डॉक्टरांनी आपला फोन दिला. कुणी बागेत, कुणी बाजारात, कुणाची आई फोनवर, तिला एकच गोष्ट तीनदा सांगायची. काका प्रत्येक नावापुढे वेळ लिहीत होते. साडेतीन वाजता तिघे राहिले, ज्यांचे फोन लागतच नव्हते.

सरांनी जीप काढली आणि मला बरोबर घेतलं. पहिल्याने अजून औषधच आणलं नव्हतं. दुसरा लग्नाला गेला होता. तिसरे संपतराव, त्यांची बाग पिंपळगावच्या बाजूला. आम्ही पोचलो तेव्हा ते बांधावर बसलेले, पंप शेजारी. मी जीपमधून उतरून पळतच गेले आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागले.

संपतरावांनी आधी मला पाणी दिलं. मग सरांना सांगितलं, की दहा ग्रॅम वाचून शंका आली होती, पण सरांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल असंही वाटलं. म्हणून दोन झाडांवर मारून थांबलोय, उद्या बघून पुढचं ठरवणार होतो.

परत येताना आडगावपाशी सरांनी जीप थांबवली, दोन चहा सांगितले आणि म्हणाले, की उद्यापासून आकडा अक्षरी लिहायचा. बास, एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

दोन दिवसांनी माझ्या फोनवर संपतरावांचा मेसेज आला. मी अजून जपून ठेवलाय. ‘म्याडम, दोन झाडं जळाली. बाकी बाग मस्त. तुम्ही जेवलात का?’

* * *

निवृत्तीभाऊंना उत्तर द्यायची सवय होती. मेसेज कशाचाही असो, ते माझ्या नंबरवर उलट एक शब्द पाठवायचे, ‘हो’. पाऊस येणार, हो. जयंतीनिमित्त लॅब बंद, हो. काका तो ‘हो’ रोज वहीत टिपायचे. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, की येतंय ते लिहिलेलं बरं.

एकदा तीन दिवस ‘हो’ आला नाही. चौथ्या दिवशी काकांना राहवेना. त्यांनी सायखेड्याच्या एका दुकानदाराला फोन करून निवृत्तीभाऊंच्या घरी माणूस पाठवला. निवृत्तीभाऊ धडधाकट होते. फोन विहिरीत पडला होता, एवढंच. ते दुकानात आले, तिथल्या फोनवरून बोलले आणि सगळं ऐकून घेतल्यावर काकांना विचारलं, की तुम्ही माझी वाट बघत होता का?

काका म्हणाले, ‘हो.’

* * *

आणि आता दगूबाबांचा. हा जेवणं झाल्यावर, बडीशेप खाताना सांगायचा असतो.

गोदाकाठच्या एका वस्तीवर दगूबाबांची दोन एकर बाग होती. वय सत्तरीच्या पुढे. एकदा म्हणून आमच्या लॅबमध्ये आले नव्हते, पण त्या वर्षी आसपासच्या सगळ्या बागांपेक्षा त्यांची बाग चांगली आली आणि ते भेटेल त्याला सांगायला लागले, की आपण फक्त बोराडे सरांच्या मेसेजवर चालतो. सरांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. म्हणाले, चला, बघून येऊ. सर आणि मी गेलो.

बाग खरंच बघण्यासारखी होती. बाबांनी आम्हाला ओटीवर बसवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. फोन असायचा त्यांच्या खिशात, पण मेसेज आला की सून वाचून दाखवायची. अर्चना तिचं नाव. बारावी झालेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. ती आत चहा ठेवत होती. बाबांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की पोरगी एक अक्षर चुकत नाही आणि घरात कुणी तुमच्या शब्दाबाहेर नाही.

मग ते एकेक सांगायला लागले. दुपारी एक ते तीन बाईमाणसानं बागेत जायचं नाही, घामानं भुरीचा रोग पसरतो. हे तुम्ही कळवलं, तेव्हापासून आमच्याकडे दुपारी बाया घरात. विहिरीवरून पाणी वाहून आणलं तर झाडांना धक्का लागतो, म्हणून नळी थेट मोरीपर्यंत ओढली. सकाळी फवारणीच्या आधी घरात कुणी आवाज चढवायचा नाही, माणसाचा हात हलतो आणि औषध सारखं बसत नाही. हे तर लयच पटलं, बाबा म्हणाले. म्हातारीलापण सांगून ठेवलंय.

मी सरांकडे बघितलं. सर बाबांकडे बघत होते आणि अधूनमधून मान हलवत होते.

‘पण परवाचं मला नाय समजलं,’ बाबा म्हणाले. ‘दिवाळीच्या आधी सुनेला आठ दिवस माहेरी धाडावं. हे कोणत्या रोगावर हे, सर?’

तेवढ्यात अर्चना चहा घेऊन बाहेर आली. तिने आधी सरांपुढे कप धरला. सरांनी तो घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

‘रोग यायच्या आधी करायचं असतं ते, बाबा,’ सर म्हणाले.

बाबांनी थोडा विचार केला. मग आत आवाज देऊन म्हातारीला सांगितलं, ‘पंधरा दिवस जाऊ दे तिला. अर्धवट औषध करून उपेग नाय.’